हद्दीबाहेरचे आजार

भाईंदर पूर्वेचा रहिवासी सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये दोन पावले टेकण्यापुरती जागा मिळवण्याच्या खटपटीत असतो, तेव्हा मीरा रोड आणि दहिसर या दोन स्थानकांच्या दरम्यान आपण एक हद्द ओलांडली, ही गोष्ट त्याच्या ध्यानीमनीही नसते; आणि ते स्वाभाविकच आहे, कारण रुळांवर त्या हद्दीची कोणतीही खूण उमटलेली नाही. परंतु रस्त्याने व्यापार करणाऱ्या जुन्या माणसांना ती हद्द चांगली परिचयाची होती. इथल्या गाळ्यांतून तयार होणारी स्टीलची भांडी टेंपोत भरून मुंबईत न्यायची, तर दहिसरच्या नाक्यावर थांबून जकातीची पावती फाडावी लागे, आणि हा शिरस्ता २०१७ साली जकातच रद्द होईपर्यंत अव्याहत चालला. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द उत्तरेला दहिसरपर्यंत वाढवण्यात आली आणि ती तिथेच थांबली. त्यापलीकडची नवघर, खारी, गोडदेव ही आमची खाजणांनी आणि मिठागरांनी वेढलेली गावे ठाणे जिल्ह्याच्या दफ्तरी होती तशीच राहिली.

त्या हद्दीचा एक परिणाम असा झाला की, ज्याचा जकातीशी काडीचाही संबंध नव्हता. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोगाच्या नोंदणीचे दफ्तर उघडले. रुग्णालयात आलेल्यांचीच नव्हे, तर एका ठरलेल्या प्रदेशात राहणाऱ्या सर्व लोकांतील कर्करोगाची गणना करणारे भारतातील ते पहिले दफ्तर. आणि त्याचा प्रदेश ठरला बृहन्मुंबई. जिथे जकातीचा कारकून बसला होता, तिथेच कर्करोगाच्या मोजणीची साखळीही येऊन थांबली.

ही कोणाची हयगय नव्हे, हे सांगितलेच पाहिजे. लाखामागे अमुक इतके रुग्ण असे विधान करायचे, तर अंशाइतकाच छेदही खरा असावा लागतो, आणि तो छेद शिरगणतीच्या पुस्तकातून येतो. परगावचा रुग्ण अंशात धरला आणि छेदात मात्र धरला नाही, तर सगळा हिशेबच नासतो. म्हणून परळला जाऊन उपचार घेणारा भाईंदरचा माणूस रुग्णालयाच्या कागदपत्रांत यथास्थित नोंदला जाई, परंतु शहराच्या मोजणीत तो परगावचा म्हणून वगळला जाई. त्याचे गाव रोज सकाळी सबंधच्या सबंध मुंबईला कामाला जात होते, ही गोष्ट त्या हिशेबाच्या कक्षेत बसणारी नव्हती.

ही लहानशी स्थानिक हकीकत मी सुरुवातीसच सांगितली, ती एका प्रयोजनाने. एका रोगासाठी शोधलेले आणि त्या रोगापुरतीच सरकारी सनद मिळालेले लक्ष्यवेधी औषध एखाद्या दुर्मीळ, कोणी फारसे नावही न ऐकलेल्या कर्करोगावर चालते काय, हे कसोटीला लावून पाहण्याचा जो उद्योग गेली पंचवीस वर्षे जगभर चालला आहे, त्याचा इतिहास वाचताना मला वारंवार असे वाटत आले आहे की, हा जितका औषधांचा इतिहास आहे तितकाच तो वह्यांचाही आहे. वहीची हद्द कुठे आखली आणि तिच्यात रकाने कोणते पाडले, यावर एखादा रोग दुर्मीळ ठरणे पुष्कळसे अवलंबून असते.

दुर्मीळ म्हणजे किती, याविषयी तरी कुठे एकवाक्यता आहे? युरोपात वर्षाकाठी लाखामागे सहांपेक्षा कमी लोकांना होणारा कर्करोग दुर्मीळ मानतात, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ही मर्यादा पंधरावर ठेवली आहे. आणि आपल्या २०१९ च्या औषधचाचणी नियमांत, ज्यांना अनाथ औषधे असे काहीसे हृदयद्रावक नाव आहे त्यांची व्याख्या करताना, देशभरात पाच लाखांहून अधिक लोकांना न होणारा आजार अशी सरसकट मोजणी धरली आहे. युरोपच्या मापाने हे एकेकटे दुर्मीळ कर्करोग एकत्र केले, तर सर्व कर्करोगांच्या पंचमांशाहून अधिक भरतात. म्हणजे एकेक वाटसरू विरळा, पण वाट मात्र गजबजलेली.

आता हे प्रमाण आमच्या गावाला लावून पाहावे. २०११ च्या शिरगणतीत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर भरली. युरोपची वरची मर्यादा घेतली, तरी एखाद्या दुर्मीळ कर्करोगाचे वर्षाला फार तर अठ्ठेचाळीस रुग्ण एवढ्या वस्तीत निघतील. जठर आणि आतडी यांच्या भिंतीत उद्भवणारे ‘जिस्ट’ नावाचे एक अर्बुद आहे, त्याचे पाश्चात्त्य देशांतील प्रमाण लाखामागे साधारण एक असे सांगतात. त्या हिशेबाने मीरा-भाईंदरच्या वाट्याला वर्षाला आठ माणसे येतात. हा आठाचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

औषधाची कसोटी घेण्याची आपल्या ओळखीची रीत मुळात गर्दीच्या रोगांनी घडवली. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचून, न टोचलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना केली, तेव्हा शहरात माणसे रोज मरत होती आणि निकालाला काही दिवसच पुरले. पुढे १९४८ साली इंग्लंडात क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडण्याची पद्धत रूढ झाली, आणि तोच प्रमाण मानला गेलेला दाखला ठरला. क्षयाचे रुग्ण हवे तितके मिळत होते. ज्या रोगाचे रुग्ण सबंध जिल्ह्यात दहा-वीस, त्याचे दोन गट पाडायचे कसे, आणि ते भरायचे किती वर्षांनी? चाचणी पुरी होण्याआधी चाचणीची माणसेच उरायची नाहीत.

हाफकिन यांची प्रयोगशाळा पुढे परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात गेली, आणि त्याच परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ऐंशी खाटांचे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. (मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ साली अस्तित्वात आली, तीही फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेसच, या योगायोगाला काही अर्थ नाही, पण भाईंदरकराने तो नोंदवायचा नाही तर कोणी?) या रुग्णालयामागे एक वैयक्तिक शोक होता. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने इंग्लंडच्या शेजारच्या वेल्स प्रांतात निवर्तल्या, आणि त्यांचे पती सर दोराबजी यांनी पुढच्याच वर्षी, स्वतःच्या मृत्यूपूर्वी, त्या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला. रक्ताच्या कर्करोगाच्याच एका प्रकारावर लक्ष्यवेधी औषधांतील आद्य गोळी निघाली, परंतु त्याला आणखी सत्तर वर्षे जायची होती.

त्या काळच्या वहीत रकाने अवयवांचे होते: तोंड, स्तन, गर्भाशय, जठर. कर्करोग जिथे दिसला ते त्याचे गाव, आणि गाव हीच त्याची ओळख. या पद्धतीला आपल्याकडे ज्यांनी फार लवकर एक वेगळा रकाना जोडला ते विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी एका निबंधात, लोकांच्या रूढींमुळे उद्भवणाऱ्या तीन कर्करोगांचे वर्णन केले. त्यांतला एक धोतराचा: कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसलेल्या धोतराच्या काचाने कातडी काळवंडते, चिघळते आणि क्वचित तिथे कर्करोग उद्भवतो. दुसरा, चुट्टा नावाच्या चिरुटाचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा. तिसरा, खैनी ओठाआड धरणाऱ्यांचा. युरोपातल्या ग्रंथांत या रोगांना जागाच नव्हती, कारण तिथे धोतर नव्हते. अवयवाने पाहिले तर धोतराचा कर्करोग हा त्वचेच्या रकान्यात बुडून गेला असता. कारण विचारले, म्हणूनच तो वेगळा दिसला. खानोलकरांचा हा निबंध मला त्यांच्या इतर कीर्तीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. पुढे विजारी आल्या, आणि त्या रोगाला औषध शोधण्याची फारशी गरज उरली नाही.

कारणावरून रकाना पाडण्याचे हे काम रूढीपर्यंत येऊन थांबले होते; ते पेशीच्या आत नेले दुसऱ्याच लोकांनी. १९६० साली फिलाडेल्फियातील नॉवेल आणि हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्तकर्करोगाच्या रुग्णांत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड आढळले. तो आखूडपणा म्हणजे नववे आणि बाविसावे अशा दोन गुणसूत्रांमधील तुकड्यांची अदलाबदल आहे, हे शिकागोच्या जॅनेट रौली यांनी १९७३ साली दाखवले. गुणसूत्रांच्या छायाचित्रांचे कात्रीने कापलेले तुकडे घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्या जुळवीत बसत, आणि मुलांना वाटे, आई कागदी बाहुल्या खेळते आहे. त्या अदलाबदलीतून दोन जनुकांचा सांधा होऊन एक उन्मत्त प्रथिन निपजते, ते पेशीला वाढीचा हुकूम अखंड देत राहते, आणि म्हणून ते प्रथिन ज्या खोबणीत ऊर्जेचा कण धरते ती खोबणच अडवली तर हुकूम थांबेल, या तर्कावर बाझेलच्या औषध कारखान्यात निकोलस लायडन आणि अमेरिकेत ब्रायन ड्रूकर यांच्या परिश्रमांतून जे द्रव्य सिद्ध झाले, त्याचे नाव इमॅटिनिब. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १० मे २००१ रोजी त्याला मान्यता दिली. सनद एका रोगापुरती होती.

परंतु कुलूप एकच असले तरी तशीच खोबण असलेली आणखी दोन-चार कुलपे पेशीत असतात. इमॅटिनिब ‘किट’ नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनालाही अडवते, हे माहीत होते. आणि इथे वहीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जठर-आतड्यांच्या भिंतीतील ज्या अर्बुदांचा मी वर उल्लेख केला, ती कित्येक दशके स्नायूंच्या अर्बुदांच्या खात्यावर मांडली जात होती. स्नायूंच्या कर्करोगाची औषधे त्यांना दिली जात आणि ती निष्फळ ठरत. चुकीच्या कुळाच्या नावे जमीन लागली की सारा कोणाकडून वसूल होणार? १९९८ साली ओसाकाच्या हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अर्बुदांत किटचे जनुक बिघडलेले असते हे दाखवले, आणि आतड्यांच्या हालचालीला ताल देणाऱ्या पेशींशी त्यांचे कूळ जुळले. मेणात जपून ठेवलेले जुने तुकडे नव्या रंगद्रव्याने पुन्हा तपासले जाऊ लागले, खाती दुरुस्त होऊ लागली, आणि जो रोग अपवादानेच भेटतो असे वाटत होते तो वाटला होता त्याहून पुष्कळ अधिक निघाला.

२००० सालच्या मार्चमध्ये हेलसिंकीला हाइक्की योएन्सू यांनी सर्वत्र पसरलेल्या जिस्टने ग्रासलेल्या एका स्त्रीला, अन्य सर्व उपाय हरल्यावर, रोज चारशे मिलिग्रॅम इमॅटिनिब देण्यास प्रारंभ केला. तेव्हा मूळ रोगासाठीसुद्धा त्या औषधाला बाजारात येण्याची परवानगी मिळालेली नव्हती. काही आठवड्यांत अर्बुदे आकसू लागली. एका रुग्णाची हकीकत शास्त्रात दुबळा पुरावा मानतात, आणि ते योग्यच आहे; परंतु ज्या रोगात आपोआप उतार पडल्याचे कधी कोणी पाहिलेच नाही, तिथे एक उतारही बोलका असतो. त्यानंतर १४७ रुग्णांच्या चाचणीत निम्म्याहून अधिकांना लक्षणीय गुण आला, आणि २००२ च्या फेब्रुवारीत त्या उपयोगालाही मान्यता मिळाली. चिठ्ठ्या टाकून औषध न देण्याचा गट या चाचणीत ठेवलेला नव्हता. प्लेगच्या आणि क्षयाच्या पठडीत वाढलेल्या शास्त्राने, माझ्या मते, तिथे प्रथमच दुर्मीळ रोगापुढे आपली रीत मनापासून वाकवली.

यशाने हुरूप येतो, आणि हुरूप आला की माणूस सरसकट विचार करू लागतो. इमॅटिनिबने अडवता येतील अशी प्रथिने ज्यांत असण्याचा संभव आहे अशा चाळीस प्रकारच्या कर्करोगांचे १८६ रुग्ण एकाच चाचणीत घेण्यात आले. पुढे अशा चाचण्यांना ‘बास्केट ट्रायल’ म्हणू लागले. आपण टोपलीची चाचणी म्हणू: गावे निरनिराळी, टोपली एक. २००८ साली अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा ठळक गुण दिसला तो चाळिसांतील पाच रोगांत. पस्तीस रोगांच्या पदरी जवळजवळ काहीच आले नाही, हेही त्याच अहवालाचे फळ, आणि उगाच विष पोटात घालण्यातून पुढच्यांना वाचवणारे. ज्या पाचांना गुण आला, त्यांत त्वचेखाली सावकाश पसरणारा एक गाठीचा कर्करोग होता. त्यासह इतर काही दुर्मीळ आजारांसाठी या औषधाला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळून चुकली होती.

याहून शिकवणारा धडा ‘बीरॅफ’ या जनुकाने दिला. त्यातील एक विशिष्ट बिघाड त्वचेच्या मेलॅनोमात वारंवार आढळतो, आणि त्यावर व्हेम्युराफेनिब हे औषध २०११ साली आले. त्याच वर्षी इटलीतील पेरुजाच्या संशोधकांनी हेअरी सेल ल्युकेमिया या विरळा रक्तकर्करोगात तोच बिघाड जवळजवळ सर्व रुग्णांत दाखवला, आणि औषध तिथे उत्तम चालले. अर्डहाइम-चेस्टर नावाच्या अतिदुर्मीळ रोगातही ते चालले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र, बिघाड अक्षरशः तोच असूनही, ते फसले. कारण तिथल्या पेशी एक वाट बंद होताच दुसऱ्या प्रथिनाची वाट उघडतात, हे ॲम्स्टरडॅमच्या प्रयोगशाळेने २०१२ साली उलगडले. म्हणजे अवयवाचा जुना रकाना मोडीत काढून जनुकाचा नवा रकाना पाडला की काम संपले, असे ज्यांना वाटत होते त्यांना जुनी वही पुन्हा उघडावी लागली. कूळ पाहायचे, पण गावही विसरायचे नाही; सातबाऱ्यावर दोन्ही लागतात.

हे सर्व परदेशांत घडत असता आपल्याकडे प्रश्न वेगळाच होता. औषध लागू पडते हे कळून उपयोग काय, जर महिन्याचा खर्च एक लाख वीस हजारांच्या घरात असेल? १९७० च्या पेटंट कायद्याखाली औषधी द्रव्यावर मक्तेदारी मिळत नसे, त्यामुळे देशी कारखान्यांनी इमॅटिनिब आठ-दहा हजारांत बनवले. २००५ साली कायदा बदलला आणि मूळ कंपनीचा त्या औषधाच्या एका स्फटिकरूपावरील दावा विचारार्थ आला. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईचीच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. कंपनीचे म्हणणे असे की, बहुसंख्य भारतीय रुग्णांना आपण औषध मोफतच देतो. आणि तशी योजना खरोखर चालू होती. चेन्नईपासून दिल्लीपर्यंत सात वर्षे चाललेल्या या तंट्याचा निकाल १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने दिला: नव्या रूपाने रोग बरा करण्याची शक्ती वाढल्याचे दिसत नाही, तेव्हा कलम ३(ड) प्रमाणे पेटंट नाही. त्याच्या आदल्या वर्षी, ९ मार्च २०१२ रोजी, मुंबईच्या पेटंट कचेरीने मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब बनवण्याचा देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला होता. दोन लाख ऐंशी हजारांचे महिन्याचे औषध त्यामुळे नऊ हजारांहून कमी किमतीत देणे बंधनकारक झाले.

या दोन्ही तंट्यांच्या कागदांत चर्चा होती ती अधिक रुग्णसंख्येच्या रोगांची. जिस्टच्या रुग्णांसाठी वेगळा दावा लावायला कोणी गेले नसते, आणि गेले असते तरी त्यांची संख्या पाहून कोणत्या कारखान्याने यंत्रे फिरवली असती याची शंकाच आहे. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा झाली. दुर्मीळ रोगावर नवे औषध शोधण्यापेक्षा असलेलेच औषध तपासून पाहण्याचा मार्ग आपल्यासारख्या देशाला का मानवतो, याचे हे सर्वांत रोखठोक कारण आहे: जे औषध गर्दीच्या रोगासाठी स्वस्त झालेले असते, ते विरळ रोग्यालाही स्वस्तच पडते.

आता तो आठाचा आकडा. २०१६ साली नेदरलँड्सने आधीच मान्य असलेली औषधे त्यांच्या सनदेबाहेरच्या कर्करोगांवर तपासण्याची देशव्यापी योजना आरंभली. एक औषध, एक जनुकीय बिघाड आणि एक कर्करोग अशी त्रयी घेऊन प्रथम आठ रुग्णांना औषध द्यायचे. त्यांपैकी एकालाही सोळा आठवडे टिकणारा लाभ झाला नाही तर ते खाते तिथेच बंद. झाला, तर रुग्ण चोविसांपर्यंत वाढवायचे. २०१९ साली पहिल्या २१५ रुग्णांचा वृत्तान्त आला, तेव्हा सुमारे तिघांतील एकाला लाभ झालेला होता. हे सर्व लोक मान्य उपचार संपलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रमाणाचे वजन कळते. आणि जे अयशस्वी ठरले त्यांचीही नोंद राहिली, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. कारण आपल्याकडे सनदेबाहेर औषध देणारे डॉक्टर पूर्वीही होते आणि आजही आहेत, परंतु तो अनुभव बहुधा त्या रुग्णाच्या फायलीबरोबर घरच्या कपाटात जातो.

आठ रुग्णांनी प्रश्नाचा पहिला टप्पा पार पडतो, आणि आठच रुग्ण, पाश्चात्त्य प्रमाण खरे धरले तर, आमच्या एका गावात वर्षाला निघतात. परंतु ते एका वहीत येतील तर ना! एक परळला टाटात दाखवतो, दुसरा समोरच्या केईएमला, तिसरा मीरा रोडच्या खाजगी दवाखान्यातून अंधेरीला जातो, चौथा उत्तरेतल्या आपल्या मुलखाला परततो. २०१२ साली टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने देशभरच्या कर्करोग रुग्णालयांना एका जाळ्यात गोवणारे नॅशनल कॅन्सर ग्रिड उभे राहिले, ते अशा विखुरलेल्या वह्या जवळ आणण्याच्या दिशेनेच. तोवर सकाळच्या लोकलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत फाइल आणि मेणाचा ब्लॉक सांभाळीत उभा असलेला भाईंदरचा माणूस दहिसर ओलांडतो, प्रभादेवीला उतरून पुलावरून परळच्या बाजूला जातो, आणि त्याच आजाराचा दुसरा माणूस मागच्या डब्यात होता की काय, हे त्याला सांगणारी वही अजून कोणाच्या टेबलावर नसते.